उडण्याची वजह

खोलीचं जोतं तेवढं उरलं आहे. पत्रे गेले, दारं गेली, भिंतींचे दगड कुणी कुणी उचलून नेले असतील. चार पायऱ्यांपैकी दोन शाबूत आहेत. त्या चढून गेलं की आपण बाभळीच्या काट्यांत आणि बकऱ्यांच्या लेंड्यांत उभे राहतो, आणि समोर नाथसागर. पलीकडचा काठ दिसत नाही. लहानपणीही दिसत नव्हता; तेव्हा मला वाटायचं, मी ठेंगणी आहे म्हणून दिसत नाही.

पायरीवर बसून मी पिशवीतून दादाची वही काढली. वारा पाण्यावरून येत होता. त्याला ओल्या गाळाचा, शेवाळाचा आणि किंचित मासळीचा वास होता. पाणी मागं सरकलेल्या जागेत गाळपेराचा हरभरा उगवला होता. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक माणूस जाळं ओढत होता. तराफा सोडला तर सगळं तसंच होतं, आणि तसं म्हणायला माझ्याकडं काही पुरावा नव्हता. मी इथं आले ते त्याचसाठी. मला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारावी की नाही हे ठरत नव्हतं.

बाबा धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते. भिंत बांधून झाली, पाणी अडलं, कामगारांच्या पालांची आणि साहेबलोकांच्या शेडची मोडतोड झाली, बाबांची बदली औरंगाबादच्या कचेरीत झाली. काठावरची ही दोन खणांची पत्र्याची खोली मात्र कुणाच्या ध्यानातच न आल्यासारखी राहून गेली, आणि तिची किल्ली बाबांकडं. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस आम्ही तिथं राहायचो. एसटीनं बिडकीन, तिथून दुसऱ्या गाडीनं फाटा, आणि फाट्यापासून दोन कोस पायी. वातीचा स्टोव्ह, ज्वारीचं पीठ, दोन घोंगड्या, आणि शहागंजच्या जुन्या बाजारातून आणलेली एक दुर्बीण. तिच्या उजव्या भिंगाला तडा गेलेला होता, म्हणून आमच्या घरात सगळे डाव्या डोळ्यानं पाहायचे. आजही लांबचं काही बघायचं झालं की माझा उजवा डोळा आपोआप मिटतो.

सकाळी उजाडलं की चालायला निघायचं. काठाकाठानं टेकडीपर्यंत, टेकडीवरून पलीकडच्या खाडीसारख्या शिरलेल्या पाण्यापर्यंत, आणि उन्हं तापली की परत. पायवाट अशी नव्हतीच. मेंढरांच्या खुरांनी जी पडेल ती वाट. चिखलात रात्रीच्या पावलांचे ठसे असायचे. दादा वाकून सांगायचा, हा कोल्हा, हा खोकड, हा आपला मोती. मोती म्हणजे धनगरवाडीवरचं कुत्रं. कधी हरभऱ्यात हरणं दिसायची; माना वर करून आमच्याकडं बघायची आणि आमच्यात काही नाही असं वाटून पुन्हा खाली घालायची. आणि पाखरं. चक्रवाक जोडीनं, गुलाबी रोहित पक्षी रांगेनं, आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकादंब, जे हिमालयावरून उडून येतात असं दादानं मला सांगितलं होतं. हिमालय टेकडीच्या मागं असावा, असं मी धरून चालले होते.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी बाबांची शाळा उर्दूतून झाली होती. मराठी ते चांगलं बोलत, पण कागदावर हात ठेवला की त्यांच्या बोटांत जुने शब्द यायचे. दादाला त्यांनी पाखरांची वही आखून दिली ती अशी: तारीख, वेळ, पाखरू, अंदाज, गवाह, उडण्याची वजह. गवाहाच्या खान्यात निदान दोन नावं हवीत. आणि थवा उडाला तर तो का उडाला हे लिहायलाच हवं. कुत्रं, घार, होडी, माणूस, जे असेल ते; नाही उडाला तर तसंही.

"बाबा, करकोचा. एक. त्या वाळक्या झाडापाशी."

"अजून कुणी बघितला?"

"मीच."

"मग नाही. एकट्याची गवाही धरत नाहीत."

"पण होता ना."

"होता असेल. वहीत नाही."

दादा दहा-अकरा वर्षांचा होता. तो हिरमुसायचा, आणि मग पळत येऊन मला खेचत न्यायचा. "चिमे, चल लवकर, नुसतं बघ आणि हो म्हण." मी जायचे, डावा डोळा लावायचे, मला पाणी दिसायचं, मी हो म्हणायचे. वहीतले निम्मे करकोचे माझ्या खोट्या साक्षीवर उभे आहेत.

आता ती आठवण.

माझ्याकडं आईची एकच आठवण आहे. मी पाच वर्षांची. सकाळ. मी खोलीत घोंगडीखाली जागी झाले तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. दाराच्या चौकटीत उजेड होता. मी पायरीवर आले. खाली पाण्यात, गुडघाभर पाण्यात, आई उभी होती. पाठमोरी. राखी रंगाची साडी, डाळिंबी काठ. निऱ्यांचा गोळा तिनं एका हातात वर धरला होता, जरा वेंधळ्यासारखा, जसं एखादं निसटणारं कोकरू धरावं तसा. तिच्या पुढं पाण्यावर पट्टकादंबच पट्टकादंब. ती अजिबात हलत नव्हती. मी धावले. मग सगळं पाणी एकदम उठल्यासारखं झालं, ओलं लुगडं झटकावं तसा आवाज आभाळभर झाला, आणि मी तिच्या साडीत तोंड खुपसलं. डांबराच्या गोळ्यांचा वास, धुराचा वास, आणि त्याखाली लोकरीचा, दुधाचा, उबदार वास. तिनं मला उचललं. पुढं काही नाही.

चेहरा नाही. पण चेहरा नसला तरी चालतं, असं मला नेहमी वाटत आलं. घरात आईचा एक फोटो होता, चेहरा त्यातून घेता येत होता. फोटोला वास नव्हता, तो माझ्याकडं होता.

ही आठवण मी खूप वेळा सांगितली. लग्नानंतर नवऱ्याला सांगितली, मुलीला झोपवताना सांगितली, राखीपौर्णिमेला दादाकडं जेवणं झाल्यावर विषय निघाला की सांगितली. दादा ऐकायचा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा; चुकीचं वाक्य त्याला सहन होत नसे. जेवणाच्या ताटावरही तो माणसांना दुरुस्त करायचा. माझी ही गोष्ट चालू असताना मात्र तो चहाच्या कपात बघत बसायचा. इतक्या वर्षांत एकदाच बोलला.

"गुडघाभर नव्हतं. पोटरीपर्यंत असेल."

"तुला आठवतंय?"

"पाणी आठवतंय," तो म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला.

दादा गेला त्याला आता चार महिने होत आले. तेराव्यानंतर वहिनीनं एक पत्र्याची पेटी माझ्यापुढं सरकवली.

"तुमच्या भावाची इस्टेट. तुम्हीच न्या ताई. मला चिमणी आणि कावळा एवढंच कळतं, आणि त्यातही ते चुका काढायचे."

आम्ही दोघी हसलो आणि मग कुणाला किती वेळ रडू द्यायचं हे न कळून पेटी उघडली. पेटीत वह्या होत्या. पहिली सोडून बाकीच्या मी चाळल्याही नाहीत. पहिलीत मला ती सकाळ हवी होती. आईचं नाव गवाह म्हणून लिहिलेलं पाहायचं होतं. तिचं नाव दादाच्या बाळबोध अक्षरात, पाखरांच्या शेजारी.

ते सापडलं. एका नाताळात पानोपानी होतं: बाबा, आई. बाबा, आई. माझं नाव मात्र कुठंच नव्हतं. आणि लगेच आठवलं की एका हिवाळ्यात मला डांग्या खोकला झाला होता आणि आत्यानं मला वैजापूरला नेऊन ठेवलं होतं. आत्याकडचा कांद्याचा वास, बाजाराच्या दिवशीची गाड्यांची रांग, काढ्याची वाटी. ते मला आठवत होतंच. ते या हिवाळ्यात, हे मात्र मी कधी जुळवून पाहिलं नव्हतं.

पुढच्या नाताळाच्या पानांवर मी होते. बाबा, चिमी. बाबा, चिमी. चौथ्या दिवशी लिहिलं होतं: पट्टकादंब, अंदाजे दोनशे. गवाह: बाबा, चिमी, मथुरामावशी. मथुरामावशी धनगरवाडीवर राहायची. आणि उडण्याची वजह हा खाना कोरा. संपूर्ण वहीत तेवढा एकच कोरा.

आईची तिथी मला पाठ आहे. आश्विन वद्य षष्ठी. साल मी कधी विचारलं नाही. तिथीला साल लागत नाही. पानं वाढली, घास काढून ठेवला, झालं. त्या आश्विनात मला पुन्हा आत्याकडं नेलं होतं, आणि आई आजोळी गेली आहे असं सांगितलं होतं, एवढं पुसटसं आठवतं. ती परत आली, नंतर आम्ही तळ्यावर गेलो, आणि नंतर कधीतरी ती वारली, अशी सगळी वर्षं मी माझ्या मनात आपोआप लावून घेतली होती. आता वहीसमोर बसले की ती लागत नव्हती. एकदा वाटे, दादा नाव लिहायचं विसरला असेल. मग वाटे, दादा विसरेल? मग वाटे, माझी साडी, माझा वास, माझं पाणी खोटं कसं असेल? आणि मग ते करकोचे आठवत, जे मी पाहिले नव्हते आणि ज्यांना मी हो म्हटलं होतं.

तीन गवाहांपैकी बाबा नाहीत. मी स्वतःला धरत नाही. मथुरामावशी असेल तर असेल.

म्हणून जोत्यावरून उठले.

धनगरवाडी आता टेकडीच्या अलीकडं आली आहे. सिमेंटची घरं, दारात मोटारसायकली, एका अंगणात मेंढरांचा वाडगा तेवढा जुन्या पद्धतीनं काट्यांनी घातलेला. मावशीचं घर विचारल्यावर एका सुनेनं दारातूनच आत आवाज दिला.

"आत्याबाई, शेरातून कोणी बाई आल्यात."

"गोळ्या आणल्या का?" आतून आवाज आला. "मागच्या बाईला सांगितलं, निळ्या नको म्हून. निळ्यानं माझं डोकं गरगर करतंय."

"गोळ्यावाल्या नायत त्या."

"मंग कशाला आल्या?"

सून माझ्याकडं बघून हसली. मी चपला काढून आत गेले.

मथुरामावशी बाजेवर बसलेली होती. डोळ्यांत पांढुरकेपणा उतरला होता, हाताची बोटं मात्र पायाशी पडलेल्या लोकरीतून कुसळं वेचून काढत होती, न बघता. मी वाकून नमस्कार केला.

"मावशी, मी ओव्हरसियर साहेबांची मुलगी. पत्र्याच्या खोलीत यायचो आम्ही."

बोटं थांबली.

"कोणती? वरडणारी का?"

"एकच होती."

"मंग तीच. वरडणारी." तिनं चेहरा वर केला. "बस माय. भाऊ कुटं हाय तुझा? त्यो वहीवाला?"

"गेला. चार महिने झाले."

ती सुनेला म्हणाली, "चा टाक," आणि माझा हात चाचपून घेऊन आपल्या मांडीवर ठेवला. खूप वेळ ठेवला. मग म्हणाली, "लई गुणाचं पोरगं. त्यानं एक डाव मला गप केलतं. माझ्या पोटाला आलं आसतं तेवढं लेकरू, अन् मला गप करतंय."

मी विचारायच्या आधीच गोष्ट माझ्यासमोर येऊन बसली होती. तरी मी विचारलं. इतक्या लांब आले होते.

"कधी? पाखरं उडाली तेव्हा?"

"तव्हाच की. तुझ्या मायला जाऊन तीन महिने झालते. साहेब आले तुमा दोघांला घिऊन. मला म्हणले, मथुराबाई, आमच्यात रीत हाय. सवाशीन बाई गेली का तिचं लुगडं घरात घडी घालून ठिवायचं नाय. दुसऱ्या सवाशिनीला द्यायचं, अन् तिनं ते नेसून एक डाव देणाऱ्याला दावायचं. मंग तिकडं पोचतं म्हणले. म्या म्हणलं, द्या."

आमच्यात ती रीत होती. आत्यानंही तशीच साडी दिलेली मला ठाऊक होती. ठाऊक असून एकदाही मनात आलं नव्हतं.

"शेरातली साडी, पाच वारी," मावशी सांगत होती. "मला कुटं नेसाया यायची? आमी नऊवारीवाल्या. पायात पायात येती. समद्या बाया हसाया लागल्या, मथुरा मास्तरीन झाली म्हून. तशीच धरून धरून गेले खाली. साहेब तिथं पाण्यात धोंडा हाय ना, त्याच्यावर बसलेले. पाण्यात पाय घातला, तर त्यांनी हातानं खूण केली, थांब. पाखरं बसल्यालीत. मी थांबले. तेवढ्यात तू."

"मी काय?"

"आई आई करीत आलीस की. असली वरडलीस, समदी पाखरं उठली. साहेबांनी वळून बघितलं." तिची बोटं पुन्हा लोकरीत गेली. "त्यांचं तोंड म्या बघितलं अन् खाली बघाय लागले. तू मला चिकटलीस. मान वर केलीच नाय बग. मी सांगणार व्हते, माय, मी तुझी आई नाय. तर काठावर तुझा भाऊ उभा. वही अशी छातीशी धरल्याली. त्यानं मान हलवली. नको म्हून. एकदा न्हाय, दोनदा. मंग मी तुला उचललं, अन् तू झोपस्तोवर खाली ठिवलं नाय. इतकंच."

चहा आला. सुनेनं बशीत ओतून दिला. मी तो घेतला, पण प्यायचं सुचलं नाही. माझ्या डोक्यात एक विचित्र हिशेब चालला होता, की लोकरीचा वास बरोबर होता, दुधाचा बरोबर होता, निऱ्या धरायची तऱ्हा बरोबर होती, साडी तर खरोखर आईचीच होती, पाणीसुद्धा पोटरीपर्यंतच असणार. सगळं बरोबर होतं आणि आई तिथं नव्हती. आणि दादानं तो खाना कोरा ठेवला. लिहिलं असतं तर त्याला लिहावं लागलं असतं: चिमी. लिहिलं असतं तर कधीतरी मी वाचून विचारलं असतं, मी का ओरडले? एवढ्यासाठी त्या खरं बोलणाऱ्या मुलानं आयुष्यभर माझी चूक सांभाळली, आणि ती सांभाळताना पाण्याची खोली मात्र दुरुस्त केल्यावाचून त्याला राहवलं नाही.

मला त्याचा राग यायला हवा होता का, हे मला ठरवता येईना. आभार मानायला हवे होते का, हेही येईना. दोन्हीसाठी तो हवा होता.

बाहेर मेंढरं परतत होती. वाडग्याचं काटेरी फाटक कुणीतरी ओढलं. धूळ आणि लोकर यांचा तो वास दारातून आत आला आणि मी पाच वर्षांची असल्यासारखा तो छातीभर ओढून घेतला. मला त्या वासाला काय म्हणावं ते कळलं नाही. इतकी वर्षं मी त्याला आई म्हणत होते. वासाला काही ते सांगता येणार नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "मग मला आई आठवतच नाही."

हे वाक्य मी याआधी कधी उच्चारलं नव्हतं. आपलाच आवाज मला अनोळखी वाटला. सून दारात थबकली आणि मग भांडी घेऊन मागच्या अंगणात गेली.

मथुरामावशीनं लोकरीतलं एक कुसळ काढून बाजूला टाकलं.

"नसंल आठवत. तुझं वय काय व्हतं? मला आठवती की."

"तुम्ही तिला पाहिलंय?"

"म्हंजी? त्याच्या आदल्या वरसाला आठ दिस आलती ना इथं. तू नव्हतीस, खोकला झालता तुला. रोज माझ्यासंग बसायची, तुझंच सांगत. पाण्याला लई भ्यायची. साहेब अन् पोरगा पाखरं बघाया जायचे, अन् ही त्या पायरीवर पाण्याकडं पाठ करून बसायची. म्हणायची, मथुराबाई, एवढं पाणी मला बघवत नाय, याच्याखाली माणसांची घरं हायती."

मी बशी खाली ठेवली. पाण्याकडं पाठ करून बसलेली एक बाई मला दिसेना. मी प्रयत्न करत होते. पण जी दिसत होती ती अजून पाण्यातच उभी होती, आणि ती मावशी होती, आणि ती माझ्या मुलीच्या आताच्या वयापेक्षाही लहान होती.

"अजून सांगा," मी म्हणाले.

"सांगते. गडबड कर नको, मला पयलंचं मागं अन् मागचं म्होरं व्हतं आता." तिनं पाय बाजेवर घेतले आणि मला बसायला जागा केली. "काय सांगू आदी? तिचं हसणं सांगू का तिचं चिडणं?"

फोटोत ती हसते आहे. घरात सगळ्यांनी मला तिचं हसणंच सांगितलं होतं.

"चिडणं," मी म्हणाले.